पहिली ओळ

जावा जावा, उभा दावा, असं आपल्याकडे म्हणतात. पण उभा दावा परवडला. भांडण होतं, भांडी आपटतात, माणूस मोकळं होतं. पुष्पाचा दावा बसलेला होता. आर्णीच्या बसस्टँडमागच्या तिच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात, तिच्या शेजारच्याच खुर्चीवर, तो रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसायचा आणि त्याचं नाव वर्षा होतं.

दुकान पुष्पाचं. अकरा वर्षांपूर्वी, तिच्या बंजारा तांड्यातली एकही बाई कीबोर्डला हात लावत नव्हती तेव्हा, ही बी.ए. झालेली सून दोन बोटांनी टाइप करायला शिकली. सातबारा, पीकविमा, जातीचे दाखले, पोरांचे परीक्षेचे अर्ज, सगळं त्या दोन बोटांमधून गेलं. महागावकडचे लोकसुद्धा पत्ता विचारत यायचे. मग दीड वर्षापूर्वी धाकट्या दिराचं, शामचं, लग्न झालं आणि पुसदहून वर्षा घरात आली. संगणकाची डिग्री घेतलेली. दहा बोटांनी टाइप करणारी, तेही खाली न पाहता, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. आणि वर हसायची. हे हसणं पुष्पाला सगळ्यात जास्त झोंबायचं. माणसाला काम येतं तर यावं, पण कामाचा त्रासच होऊ नये म्हणजे काय!

हळूहळू लोक दारात येऊन आत डोकावू लागले. पुष्पा समोर बसलेली असायची, धडधाकट, चष्मा लावून, तरी विचारायचे, "धाकल्या मॅडम नाई काय आज?"

"नाई," पुष्पा म्हणायची. "मोठी हाय. चालत असन त बसा."

लोक बसायचे, पण नजर दाराकडे.

या वर्षी दिवाळीनंतर आगीत तेल पडलं. आसपासच्या बावीस गावांमधल्या कापूसवाल्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे आणि मारोतराव तिचे अध्यक्ष आहेत. कापसाच्या गाड्या खरेदीसाठी दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहतात, ड्रायव्हर गाडीखालीच झोपतात. म्हणून मारोतरावांना वेबसाइट हवी होती. शेतकऱ्याने घरूनच मोबाइलवर नाव-गाव टाकायचं, पाळीचा नंबर घ्यायचा आणि त्याच दिवशी गाडी काढायची. मारोतराव दुकानात आले. पुष्पाने पुसून पुढे केलेल्या खुर्चीवर बसले, पुष्पाने मागवलेला चहा प्यायले आणि वर्षाकडे वळून म्हणाले, "काय मॅडम, होते काय तुमच्याच्यानं?"

पुष्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं ती 'पुष्पाबाई' होती, आणि ही दीड वर्षात 'मॅडम'.

पुढचं ऐकून तर तिला रात्रीचं जेवण गेलं नाही. साइट सुरू झाली की ती सांभाळायला कंपनीच्या कार्यालयात एक माणूस कायमचा बसवायचा होता. वेगळी खोली, वेगळं टेबल, दारावर नाव. जो साइट चालती करून दाखवेल त्याचं नाव. ती खोली पुष्पाला हवी होती, इतकी की मनातल्या मनात तिने तिथे पडदासुद्धा लावला होता. त्या दिवसापासून तिने वर्षाशी बोलणं टाकलं. हो, नाही, ते दे, हे ठेव, एवढंच.

वर्षाने महिनाभर बसून साइट तयार केली. स्वतःच्या लॅपटॉपवर ती सुरेख चालायची. नाव टाका, गाव टाका, खट्कन नंबर हातात. गुरुवारी तिने सगळ्या फायली सर्व्हरवर चढवल्या. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असलेलं मशीन. जगाला जे दिसायचं ते तिथून दिसतं, आपल्या लॅपटॉपवरून नाही. आणि तिथे घोडं अडलं. कंपनीचं नाव दिसत होतं, कापसाच्या बोंडाचा फोटो दिसत होता. पण नाव-गाव टाकून बटण दाबलं, म्हणजे स्क्रिप्ट चालून काही काम व्हायची वेळ आली, की पांढऱ्या पानावर एकच निरोप: पाचशे नंबरची चूक, सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडलं आहे. नऊ स्क्रिप्ट होत्या, नवांचं तेच.

पुष्पाच्या मनात उकळ्या फुटल्या. वरून तिने तोंड असं केलं की जणू घरात कोणी आजारी आहे.

वर्षाने गुरुवारभर काय काय केलं! फायली चालवायच्या परवानग्या बदलून पाहिल्या. फोल्डर बदलून पाहिलं. सगळ्या फायली काढून पुन्हा चढवल्या. शामला फोन, पुसदच्या मैत्रिणीला फोन. दहाही बोटं चालत होती आणि उपयोग एकाचाही नव्हता. शुक्रवारी सकाळीही तेच. दुपारनंतर मात्र ती एकदम गप्प झाली, लॅपटॉप मिटून हात मांडीवर घेऊन बसली, आणि पुष्पाने मनाशी म्हटलं, हरली बया. डिग्री संपली.

सोमवारी सकाळी अकराला मारोतराव सगळ्यांसमोर साइट सुरू करणार होते.

शनिवारी घरचे सगळे कापूस वेचायला शेतात गेले, वर्षाही गेली. दुकानात पुष्पा एकटी होती. सर्व्हर तिच्याच नावावर घेतलेला असल्यामुळे पासवर्ड तिच्या वहीत होता. सहज बघू, असं ती स्वतःला म्हणाली. सहज कसलं, आपली जाऊ नेमकी कुठे आपटली ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. आता खोटं कशाला सांगा, तुम्ही-आम्ही असतो तरी बघितलं असतं.

पुष्पाला कोड लिहिता येत नव्हतं असं नाही. अडत-धडपडत येत होतं. पण तिच्याकडे एक गुण होता जो डिग्रीत शिकवत नाहीत. अकरा वर्षं तिने लोकांचे परत आलेले अर्ज तपासले होते. अर्ज परत आला की ती पास झालेला दुसऱ्याचा अर्ज शेजारी ठेवायची आणि ओळीला ओळ लावून पाहायची. तुरीच्या डाळीतला खडा असाच सापडतो, डाळ सगळी सारखी असली तरच तो दिसतो. तिने आधी सर्व्हरची चुकांची नोंद उघडली. नऊही फायलींपुढे एकच तक्रार होती: ही फाईल कोणत्या जातीची ते मला ओळखू येत नाही, मी ती चालवू शकत नाही. मग सर्व्हरवाल्यांनी नमुना म्हणून ठेवलेली एक छोटीशी स्क्रिप्ट तिने चालवून पाहिली. ती चालली. झालं. चालणारी डाव्या हाताला, न चालणारी उजव्या हाताला, आणि पुष्पाने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. पुढे जायची गरजच पडली नाही.

चालणाऱ्या फाईलच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं की ही स्क्रिप्ट अमुक भाषेतली आहे, अमुक प्रोग्रामने चालवा. वर्षाच्या फायलींतही ती ओळ होती, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या ओळीत, मशीनने वाचू नये म्हणून पुढे खूण करून, लिहिलं होतं: जय सेवालाल.

लॅपटॉपला चाललं, कारण तो फाईलच्या नावाच्या शेपटावरूनच ओळखतो. सर्व्हर शेपूट बघत नाही, कपाळ बघतो. कपाळावर त्याला हवं ते नसलं की दारातून परत.

पुष्पा खुर्चीत मागे रेलली. ती ओळ तिथे कोणी लिहायला लावली ते तिला चांगलं आठवत होतं.

तिचे सासरे देवसिंग तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. त्यांच्या घरात काहीही लिहायचं तर वर आधी सेवालाल महाराजांचं नाव. लग्नपत्रिका असो, बियाण्याची यादी असो की किराण्याची चिठ्ठी. वर्षाने साइटचं काम घेतलं त्या दिवशी सगळे अंगणात बसले होते आणि तिने भोळेपणाने विचारलं होतं, "बाई, कोडमधीबी वर नाव लेहू काय?" वर्षा पुष्पाला 'बाई' म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पुष्पाला माहीत नव्हतं की त्याने काय होईल. तिला एवढंच माहीत होतं की सासऱ्यांसमोर या पोरीला एकदा तरी खाली पाहायला लावायचं आहे.

"काहून? कोड काय घराभाईर हाय?" ती म्हणाली होती. "शिकली म्हणून रीत सोडतं काय? पयल्या ओळीवर लेहाचं. अगदी पयल्या."

देवसिंगांनी मान हलवली होती. वर्षाने खाली मान घालून "हौ बाई" म्हटलं होतं आणि लिहिलं होतं, अगदी पहिल्या ओळीवर, नऊही फायलींत.

म्हणजे चूक वर्षाच्या फायलीत होती आणि पुष्पाच्या तोंडातली होती. पण मत्सर हा मोठा वकील असतो. दहा मिनिटांत त्याने पुष्पाला निर्दोष सोडवलं. मी घरची रीत सांगितली, त्यात काय चुकलं? डिग्री तिची होती ना? तिला कळायला नको? पुष्पाने सगळं होतं तसं ठेवलं, एक अक्षर हलवलं नाही, आणि संगणक बंद केला. सोमवारी, सगळ्यांसमोर, मॅडम हात टेकतील तेव्हा पुष्पाबाई उठेल. त्या संध्याकाळी ती चक्क गाणं गुणगुणत घरी गेली. सासूबाई, लालीबाई, तिच्याकडे बघतच राहिल्या.

रविवारी वर्षा तिच्याकडे तीनदा आली. सकाळी लॅपटॉप घेऊन, दुपारी लॅपटॉप घेऊन, आणि चहाच्या वेळी पुन्हा.

"बाई, एकदा पाह्यता काय? तुमची नजर बारीक हाय."

"मले काय समजते वं त्यातलं," पुष्पा म्हणाली. "तू डिग्रीवाली."

"पाहून त पाहा. पयलीच फाईल उघडून देतो."

"मले कामं हायेत."

वर्षा लॅपटॉप मिटून गेली. गयावया करते आहे, पुष्पाला वाटलं, आणि फार बरं वाटलं.

सोमवारी कंपनीच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बावीस गावांचे लोक, हातात मोबाइल. नारळ फोडायला देवसिंगांना बोलावलं होतं, ते पांढरा फेटा बांधून समोर बसले होते. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. मारोतरावांनी दोन शब्द म्हणून वीस मिनिटं भाषण केलं आणि वर्षाशेजारी उभं राहून पहिल्या शेतकऱ्याचं नाव टाकलं: उकंडा, खडका गाव. बटण दाबलं. पडद्यावर पांढरं पान आलं, आणि त्यावर पाचशे नंबरची चूक.

मारोतरावांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय बापा," मागून कोणीतरी म्हणालं, "रांगेतच उभं राहा लागते म्हना ना मंग."

लोक हसले. मारोतरावांचे कान लाल झाले. "मॅडम, तुमी त म्हनलं होतं होऊन जाईन."

वर्षा संगणकासमोर बसली होती. दहाही बोटं मांडीवर. तिने पडद्याकडे पाहिलं नाही, मारोतरावांकडे पाहिलं नाही, मान वळवून पुष्पाकडे पाहिलं. "बाई," ती हळूच म्हणाली, "पाहा ना तुमी."

हाच तो क्षण. पुष्पाने शनिवारपासून तो इतक्या वेळा जगून घेतला होता की आता पावलं आपोआप पडली. वर्षाने उठून खुर्ची दिली. पुष्पा बसली, चष्मा नीट केला, आणि दोन बोटांनी, सावकाश, सगळ्यांना पडद्यावर दिसेल असं, पहिल्या फाईलमधली वरची ओळ उचलून खाली ठेवली आणि खालची वर घेतली. मग दुसरी फाईल. मग तिसरी. अशा नऊही. मग तिने उकंडाचं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

उकंडाच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि ओरडला, "आला! एक नंबर आला माह्या!"

टाळ्यांनी खोली भरून गेली. बायाबापड्या पुष्पाकडे बोट दाखवत होत्या. देवसिंगांनी विचारलं, "बेटा, नाव त नाई ना काढलं?"

"नाई बापू. दुसऱ्या ओळीवर घेतलं."

"मंग ठीक. नाव कोठंबी असलं तरी नावच हाय." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "पण चुकलं काय होतं?"

पुष्पाने तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं, एका वाक्याचं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं, कारण त्यात तिचं स्वतःचं नाव होतं.

"माह्यीच चूक, बापू," वर्षा मागून म्हणाली. "ओळ गलत जागी टाकली म्या."

पुष्पाने तोंड मिटलं. मूग गिळायला एक क्षण पुरतो. मारोतरावांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की कंपनीची साइट आजपासून पुष्पाबाई सांभाळतील. म्हणताना चुकून नाही, अगदी जाणून ते 'पुष्पा मॅडम' म्हणाले.

संध्याकाळी तांड्यावर घरोघर हीच गोष्ट चालली होती. पुष्पाला मात्र जिंकल्यासारखं पुरतं वाटत नव्हतं. हरलेल्याचं तोंड जवळून पाहिल्याशिवाय जिंकण्याला चव येत नाही. ती स्वयंपाकघरात गेली. वर्षा भाकरी करत होती. पुष्पा दाराला टेकून उभी राहिली.

"एवढं शिकली वं तू," ती म्हणाली, "अन पयली ओळ नाई दिसली तुले?"

वर्षाने तव्यावरची भाकर उलटली. "दिसलती, बाई."

"कवा?"

"शुक्रवारी. दुपारी."

पुष्पाचा हात दाराच्या चौकटीवर गेला. "मंग काहून नाई केलं नीट? तीन दिवस कायले बसली तशी?"

"ओळ खाली घेतली असती, त बापूनं विचारलं असतं काहून घेतली. मंग म्या काय सांगतलं असतं? बाईनं सांगतलेलं चुकलं म्हणून?" वर्षाने पीठ हाताखाली ओढलं. "अन तुमी दिवाळीपासून बोलून नाई राह्यल्या माह्यासंग. मले वाटलं, तुमच्या हातानं चालू झालं त बोलसान. म्हणून त काल तीनदा घेऊन आलती. पयलीच फाईल उघडून देतो म्हनलं, तरी तुमी पाह्यलं नाई. मंग मले भेव वाटलं का सोमवारी कसं होईन."

"अन ते खोली? कंपनीतली?"

"ते तुमचीच ना, बाई. मी त आता आली."

तिच्या आवाजात टोमणा आहे का, हे पुष्पाने नीट ऐकून पाहिलं. नव्हता. डोळ्यांत पाणी आहे का, पाहिलं. तेही नव्हतं. भांडण काढायला एवढीशी फट मिळाली असती तर पुष्पाने त्यातून अख्खी बैलगाडी नेली असती. पण ही पोरगी खरंच तेवढंच म्हणत होती. ती खोली, त्या टाळ्या, ते 'मॅडम', सगळं हिने शुक्रवारी दुपारीच हात मांडीवर घेऊन तिला देऊन टाकलं होतं, आणि पुष्पा शनिवारपासून ते चोरत बसली होती.

शरम वाटायला हवी होती. वाटलीही, थोडी. पण तिच्याहून आधी, सवयीने, जुनीच आग पोटातून वर आली. टाइप करण्यात ही पुढे, लोकांत ही पुढे, आणि आता मोठ्या मनातही हीच! अकरा वर्षांत पुष्पाने कोणाला असं काही दिलं नव्हतं. निदान एवढा मोठेपणा तरी हिला एकटीला मिळू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं आणि ती तडक अंगणात गेली.

देवसिंग बाजेवर बसून फेटा सोडत होते.

"बापू," पुष्पा म्हणाली. आवाज भांडायला आल्यासारखाच निघाला. "वर्षाची चूक नव्हती. पयल्या ओळीवर लेहाचं म्याच सांगतलं होतं तिले. म्याच."

देवसिंगांनी फेट्याची घडी मांडीवर ठेवली.

"मले मालूम हाय, बेटा," ते म्हणाले. "मी येथंच बसलो होतो ना तवा."

पुष्पाने फेट्याचं खाली लोळणारं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

"तुले सांगाचं होतं, सांगतलं. झालं," म्हणत त्यांनी दुसरी घडी घातली. "जाय आता, जेव."

पण ती आत गेली नाही. अंगणातच उभी राहिली. भाकरी झाल्या की हाक मारायला वर्षाच बाहेर येणार, रोज तीच येते, आणि दिवाळीपासून रोज पुष्पा ऐकून न ऐकल्यासारखं करते. आज मात्र तिला ओ द्यावी लागणार होती.